व्हायरस पेशीत शिरतो कसा: तक्ता पाठ न करता शिकायची माझी पद्धत

गेल्या रविवारी भाची आली डोंबिवलीहून. टीवायला आहे, मायक्रोबायोलॉजी, आणि आल्या आल्या बॅग सोफ्यावर फेकून म्हणाली, मावशी मला हा तक्ता होतच नाहीये. तक्ता म्हणजे काय तर डावीकडे व्हायरसचं नाव, उजवीकडे रिसेप्टरचं, म्हणजे पेशीचं जे प्रोटीन व्हायरस धरतो त्याचं नाव, नऊ ओळी, सगळे रक्तस्रावी तापाचे (हेमोरेजिक फीव्हर) व्हायरस. इबोलासमोर एनपीसी१, लासासमोर अल्फा-डिस्ट्रोग्लायकन, जुनिनसमोर टीएफआर१ वगैरे. ट्रेनमध्ये उभ्या उभ्या पाठ केलेलं आणि कुर्ला येईपर्यंत लासाचा रिसेप्टर जुनिनला जाऊन चिकटलेला. मी तिला एकच विचारलं, अगं हा टीएफआर१ करतो काय? तर म्हणे, व्हायरसला आत घेतो.

लोचा इथेच आहे. आपल्या अंगात असं एकही प्रोटीन नाही जे व्हायरसची वाट बघत बसलंय. त्या प्रत्येकाला स्वतःची नोकरी आहे, कुणी लोह आणतं, कुणी कोलेस्टेरॉल उतरवून घेतं, कुणी मेलेल्या पेशी उचलून नेतं, आणि व्हायरस फक्त त्या चालू गाडीत चढतो. स्वतःचे रूळ तो टाकत नाही. त्यामुळे आधी ती गाडी कुठून कुठे जाते ते कळलं की व्हायरस कुठे चढला आणि कुठे उतरला हे पाठ करावंच लागत नाही. आम्ही त्या दिवशी दुपारी जेवून बसलो ते संध्याकाळच्या चहापर्यंत, आणि जसं बसलो तसंच इथे लिहितेय, कारण माझ्या लॅबमधल्या दोन ट्रेनी मुलींनीही नंतर तेच विचारलं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, प्रोफेसर वगैरे नाही, तेव्हा भाषा अशीच असणार.

सामान काय लागेल: कोरे कागद, पेन्सिल, खोडरबर. खोडरबर लागतोच. मोबाईल दुसऱ्या खोलीत. आणि तक्ता उलटा करून ठेवा, शेवटी तपासायला लागेल.

आधी व्हायरस नको, प्रोटीनची नोकरी लिहा

कागदावर पाच नावं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर फक्त ते प्रोटीन आपल्यासाठी काय करतं ते. व्हायरसचं नाव अजून काढायचं नाही, हात शिवशिवला तरी.

टीएफआर१ म्हणजे ट्रान्सफेरिन रिसेप्टर. रक्तात लोह सुटं फिरत नाही, ट्रान्सफेरिन नावाच्या प्रोटीनवर बसून फिरतं, एकावर जास्तीत जास्त दोन अणू. पेशीला लोह हवं असेल तर ती पृष्ठभागावर टीएफआर१ ठेवते, ट्रान्सफेरिन त्याला येऊन धरतं, मग तिथला पडदा आत खळग्यासारखा वाकतो, खळग्याची पिशवी होते आणि ती पिशवी तुटून आत जाते. हीच एंडोसोम. आत गेल्यावर पेशी त्या पिशवीत आम्ल सोडते, पीएच बाहेर ७.४ असतो तो उतरत साधारण ५.५ वर येतो, लोह सुटतं, आणि रिकामं ट्रान्सफेरिन रिसेप्टरसकट परत वर. डबेवाल्यासारखं, भरलेला डबा आत, रिकामा डबा बाहेर, तोच माणूस पुन्हा ड्युटीवर.

एलडीएलआर. लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टमध्ये एलडीएल बघून घाबरतो ना आपण, तर त्या एलडीएलला रक्तातून उचलून पेशीत नेणारा हा रिसेप्टर. ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांना १९८५ सालचं नोबेल कोलेस्टेरॉलच्या ज्या कामावर मिळालं, त्याच्या मध्यभागी हाच रिसेप्टर आहे.

एनपीसी१. हा पृष्ठभागावर नसतो. पुन्हा वाचा, पृष्ठभागावर नसतो. एलडीएल आत जाऊन पार शेवटच्या पिशवीत, म्हणजे लेट एंडोसोम आणि लायसोसोममध्ये पोचलं की त्यातलं कोलेस्टेरॉल सुटतं आणि ते त्या पिशवीच्या भिंतीतून बाहेर काढून पेशीला देण्याचं काम एनपीसी१ करतो. जन्मतः हा बिघडलेला असेल तर कोलेस्टेरॉल तिथेच साचत जातं, त्या आजाराला नीमन-पिक टाइप सी म्हणतात, नावातले एन, पी, सी तिथूनच आले.

अल्फा-डिस्ट्रोग्लायकन. पेशीला बाहेरच्या जाळ्याशी बांधून ठेवणारा खुंटा. ह्याच्यावर साखरेची एक लांब साखळी असते, मॅट्रिग्लायकन, आणि बाहेरचं लॅमिनिन ती साखळी धरतं. ही साखळी नीट नसेल तर स्नायू कमजोर होण्याचे काही आनुवंशिक आजार होतात, म्हणजे खुंटा किती महत्त्वाचा ते बघा.

टिम-१. पेशी मरायला लागली की तिच्या पडद्याच्या आतल्या बाजूचं फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं मेद बाहेरच्या बाजूला येतं, ‘मला उचला’ असा बोर्ड लावल्यासारखं. तो बोर्ड वाचणाऱ्यांपैकी एक टिम-१.

एवढं लिहून झालं की दोन मिनिटं नुसतं बघा कागदाकडे. एलडीएलआर आणि एनपीसी१ एकाच कोलेस्टेरॉलच्या लाइनवर आहेत, एक पहिलं स्टेशन, दुसरं शेवटचं. हे भाचीला आपणहून दिसलं आणि ती एकदम खुर्चीतून उठली. मग मी तिला व्हायरसची नावं लिहायची परवानगी दिली.

आता प्रत्येक व्हायरसला चार प्रश्न

कुठे चिकटतो? आत कोण नेतं? आत कुठपर्यंत जातो? आणि त्याचा पडदा पेशीच्या पडद्यात मिसळतो कुठे? ह्या सगळ्या व्हायरसना मेदाचा पडदा असतो हे लक्षात ठेवा, त्यामुळे आतलं आरएनए पेशीच्या रसात सोडायचं तर दोन पडदे एकमेकात मिसळावेच लागतात, त्याला फ्यूजन म्हणायचं. फ्यूजन झालं तरच शिरला. पिशवीत बसलेला व्हायरस अजून टेक्निकली बाहेरच आहे, आणि ही गोष्ट अर्ध्या वर्गाच्या डोक्यावरून जाते.

पहिल्या दोन प्रश्नांत एक गोंधळ हमखास होतो. नुसतं चिकटायला मदत करणारं वेगळं आणि खरा रिसेप्टर वेगळा. सकाळी साडेआठला डोंबिवलीला गाडीचा दांडा हातात येणं आणि पाय आत पडणं ह्यात जेवढा फरक तेवढा. पेशीवर हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळ्या असतात, डीसी-साइनसारखी साखर ओळखणारी प्रोटीन्स असतात, त्यांना धरून बरेच व्हायरस लटकतात, त्यामुळे पेशीजवळ त्यांची गर्दी वाढते आणि पुढचं काम सोपं होतं, पण आत जाऊन फ्यूजनपर्यंत नेणारा तोच असेल असं नाही. कागदावर दांड्यासाठी तुटक रेघ आणि खऱ्या रिसेप्टरसाठी ठळक रेघ काढा. (डीसी-साइन काही पेशींत व्हायरसला आतही नेतो, तेव्हा तिथे रेघ मध्येच ठळक करावी लागते. जीवशास्त्र आहे, चालायचंच.)

सोप्यापासून सुरुवात: जुनिन आणि त्याचे भाऊ

दक्षिण अमेरिकेतले अरेनाव्हायरस. अर्जेंटिनाचा जुनिन, बोलिव्हियाचा माचुपो, व्हेनेझुएलाचा ग्वानारिटो, ब्राझीलचा सबिया. उंदरांकडून माणसात येतात आणि चौघेही माणसाचा टीएफआर१ वापरतात, हे २००७ साली समजलं. आता तुमच्या कागदावर लोहाची गाडी काढलेलीच आहे, तिच्यात फक्त एक प्रवासी वाढवा. ट्रान्सफेरिन रिसेप्टरला ज्या बाजूला धरतं त्याच्या वेगळ्या बाजूला, वरच्या टोकाला, व्हायरस धरतो, म्हणजे लोहाशी मारामारी नाही. पिशवी आत गेली, आम्ल आलं, आणि जे आम्ल लोह सोडवण्यासाठी होतं त्याच आम्लाने व्हायरसच्या प्रोटीनची घडी उलगडते आणि फ्यूजन होतं.

आणि इथे आपोआप दुसरं उत्तर मिळतं. लोहाची भूक कुणाला जास्त? भराभर वाढणाऱ्या पेशींना, जाग्या झालेल्या रोगप्रतिकारक पेशींना, रक्त बनवणाऱ्या पेशींना. त्यांच्यावर टीएफआर१ जास्त. म्हणजे व्हायरस कोणत्या पेशींत जाईल ह्याचा अर्धा अंदाज प्रोटीनची नोकरी सांगते. तक्त्यात हे कुठे आहे सांगा बरं.

लासा: दादरला गाडी बदलायची

१९६९ साली नायजेरियातल्या लासा गावात पहिल्यांदा ओळखला गेला म्हणून हे नाव, मास्टोमिस जातीच्या उंदराकडून येतो. हाही अरेनाव्हायरसच, पण जुन्या जगातला, म्हणजे अमेरिकेबाहेरचा, आणि ह्याला टीएफआर१ लागत नाही. हा तो खुंटा धरतो, अल्फा-डिस्ट्रोग्लायकन, आणि तेही नेमकी मॅट्रिग्लायकनची साखळी, जिथे लॅमिनिन धरतं तिथेच. हे १९९८ पासून माहीत होतं आणि सगळ्यांना वाटलं झालं, रिसेप्टर मिळाला.

पण २०१४ साली कळलं की गोष्ट अर्धीच होती. पिशवीतून आत जाताना आम्ल वाढलं की लासाचं प्रोटीन खुंट्याला सोडून देतं आणि आतल्या एका वेगळ्या प्रोटीनला धरतं, लॅम्प१, जे मुख्यतः लायसोसोमच्या भिंतीत राहतं. मग फ्यूजन. भाचीचं कॉलेज वेस्टर्नला, ती रोज दादरला उतरून पूल चढून लाइन बदलते, तिला सांगितलं की लासा दादरला उतरतो, बस. आता ती हे जन्मात विसरणार नाही. आम्ल म्हणजे ‘पुढील स्टेशन दादर’ ही अनाउन्समेंट समजा, ती ऐकू येईपर्यंत पहिली सीट सोडायची नाही आणि ऐकू आल्यावर बसून राहायचं नाही.

एक गमतीची गोष्ट जाता जाता. ती मॅट्रिग्लायकन साखळी तयार करणाऱ्या एन्झाइमचं नाव लार्ज, आणि त्याच्या जीनवर पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांमध्ये नैसर्गिक निवडीच्या खुणा दिसतात. लासाशी त्याचा संबंध असावा असा अंदाज आहे, अंदाजच म्हणून लिहा.

इबोला: इथे वेळ द्या

माझी स्वतःची दुखरी नस. एमएस्सीच्या व्हायव्हाला एक्सटर्नलने विचारलं, इबोलाचा रिसेप्टर कुठे असतो. मी छाती पुढे काढून, सर, पेशीच्या पृष्ठभागावर. त्यांनी मान हलवली, हसले, आणि पुढच्या मुलीला बोलवा म्हणाले. मला बाहेर येईपर्यंत कळलं नव्हतं की चुकलं काय, कारण आमच्या नोट्समध्ये धड्याचं नावच ‘पृष्ठभागावरील रिसेप्टर’ होतं आणि एनपीसी१ त्याच यादीत कोंबलेला होता. कुठलं कॉलेज ते विचारू नका.

तर इबोला नीट, सावकाश. १९७६ साली त्यावेळच्या झैरेमध्ये यांबुकू गावात उद्रेक झाला, जवळच्या इबोला नदीवरून नाव पडलं. दिसायला दोऱ्यासारखा, जाडी ८० नॅनोमीटरच्या आसपास आणि लांबी बऱ्याचदा हजाराच्या घरात. डेंग्यूचा गोळा ५० नॅनोमीटरचा, तो लहान खळग्यात मावतो. एवढा लांब दोरा मावणार कसा? म्हणून हा मुख्यतः मॅक्रोपिनोसायटोसिसने जातो, पेशी पडद्याची मोठी झालर काढते आणि बाहेरच्या पाण्याचा घोट घेतल्यासारखं सगळं आत ओढते, त्या घोटात हा.

पण पेशी हा घोट घेते कशाला? इथे टिम-१ आठवा. इबोलाच्या पडद्यावर बाहेरच्या बाजूला तेच फॉस्फॅटिडिलसेरीन असतं, मेलेल्या पेशीचा बोर्ड. टिम-१ला वाटतं सफाईचं काम आलं, उचला. म्हणजे व्हायरस प्रेताचं सोंग घेऊन आत जातो. मॅक्रोफेज, म्हणजे कचरा आणि जंतू गिळणाऱ्या पेशी, वगैरेंवर हेच काम करणारी दुसरी प्रोटीन्स आहेत, शिवाय साखर ओळखणारी आहेतच. म्हणून पृष्ठभागावर इबोलाला दांडे पुष्कळ, एक नाही मिळाला तर दुसरा.

आता पिशवीत आहे, पिशवी आत आत जातेय, आम्ल वाढतंय. इबोलाच्या पृष्ठभागावरचं जीपी नावाचं प्रोटीन साखरेच्या जाड रजईत गुंडाळलेलं असतं. ह्या रजईखाली खरी चावी दडलेली आहे. पिशवीत कॅथेप्सिन नावाची प्रोटीन कापणारी एन्झाइम्स असतात, त्यांचं रोजचं काम आत आलेला माल तोडणं, ते इमानेइतबारे रजई कापून टाकतात, आणि चावी उघडी पडते. लक्षात आलं का, आपणच कापून देतो. हे २००५ मध्ये कळलं. मग ती चावी कुणाला लागते हे २०११ मध्ये कळलं, आणि दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच सुमारास सांगितलं: एनपीसी१ला. नीमन-पिक टाइप सी असलेल्या लोकांच्या पेशी प्रयोगशाळेत घेतल्या तर इबोला त्यांच्यात शिरूच शकला नाही. पृष्ठभागावर चिकटला, आत गेला, शेवटच्या स्टेशनपर्यंत पोचला आणि तिथे दरवाजाच उघडेना.

म्हणून कागदावर इबोलाची ठळक रेघ पेशीच्या बाहेर नाही, आतल्या पिशवीच्या आतल्या भिंतीवर काढायची. इबोलाचा भाऊ मारबर्ग, त्यालाही तीच, तो १९६७ चा, जर्मनीतल्या मारबर्ग आणि फ्रँकफर्टमध्ये आणि त्यावेळच्या युगोस्लाव्हियातल्या बेलग्रेडमध्ये, युगांडाहून आणलेल्या माकडांवर काम करणाऱ्यांना झालेला. व्हायव्हात कुणी विचारलं तर सांगा, पृष्ठभागावर चिकटण्यासाठी बरेच, आत उघडण्यासाठी एकच. माझ्याकडून भेट.

डेंग्यू: घरचाच आहे

जूनपासून नोव्हेंबरपर्यंत आमच्या लॅबमध्ये जे सॅम्पल येतात त्यात हा कायमचा पाहुणा, आणि तरी मुलांना इबोला जास्त येतो कारण त्याच्यावर व्हिडिओ भारी असतात. डेंग्यूचं एकच एक रिसेप्टर लिहू नका. हेपरान सल्फेट लिहा, डीसी-साइन लिहा, मॅनोज नावाची साखर धरणारा मॅनोज रिसेप्टर लिहा, टिम-१ लिहा, आणि पुढे लिहा की पेशीच्या प्रकाराप्रमाणे बदलतं. एकच नाव लिहून उत्तर नीटनेटकं दिसेल पण चुकेल.

डास चावतो तेव्हा व्हायरस त्वचेत सोडला जातो, तिथे डेंड्रिटिक पेशी पहाऱ्यावर असतात, त्यांच्यावर डीसी-साइन, ज्याचं काम जंतूंवरची मॅनोजवाली साखर ओळखणं. डासाच्या पेशीत तयार झालेल्या व्हायरसवर तीच साखर भरपूर. म्हणजे पहारेकऱ्याने ओळखून पकडलं आणि त्यानेच घरात नेलं. पुढे क्लॅथ्रिन नावाच्या प्रोटीनने घडवलेल्या खळग्यातून आत, पिशवीत आम्ल, आणि मग ई प्रोटीनची जादू. व्हायरसच्या अंगावर ई प्रोटीनच्या १८० प्रती जोड्या जोड्यांनी आडव्या झोपलेल्या असतात, ९० जोड्या, फरशीसारख्या गुळगुळीत. आम्ल लागलं की जोड्या तुटतात, तीन तीन एकत्र येऊन उभ्या राहतात, टोक पिशवीच्या पडद्यात खुपसतात आणि वाकून दोन्ही पडदे जवळ ओढतात. हे एकदा हाताने करून बघा, दोन्ही तळवे टेबलावर आडवे ठेवा, मग उभे करा, मग कोपरातून दुमडा. भाचीने केलं तेव्हा माझ्या सासऱ्यांना वाटलं योगासनं चाललीत.

आणि आता डेंग्यूची खास भानगड, दुसऱ्यांदा झाल्यावर जास्त का धोका. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकाची लागण झाली की त्याच्या अँटिबॉडी तयार होतात, पण दुसऱ्या प्रकाराला त्या अर्धवटच धरतात, मारत नाहीत. आता अँटिबॉडीची शेपटी ओळखणारे एफसी रिसेप्टर मोनोसाइट आणि मॅक्रोफेजवर असतात, त्यांची नोकरी म्हणजे अँटिबॉडीने धरलेला माल गिळून संपवणं. ते ह्या जिवंत व्हायरसला अँटिबॉडीसकट गिळतात. जो दरवाजा आपण कचरा टाकायला ठेवलेला त्यातून चोर आत. ह्याला अँटिबॉडी-डिपेंडंट एनहान्समेंट म्हणतात, स्कॉट हॉलस्टेड ह्यांनी ही कल्पना लावून धरली. ज्या आईला डेंग्यू होऊन गेलाय तिच्या तान्ह्या बाळाला पहिल्याच लागणीत त्रास जास्त होऊ शकतो तेही ह्याच कारणाने, आईच्या अँटिबॉडी बाळात उतरत्या पातळीला असतात तेव्हा.

बरं, डेंग्यूच्या रिपोर्टमधला एनएस१, म्हणजे व्हायरसचंच एक प्रोटीन, ह्या सगळ्यात कुठे? आत शिरायच्या कामात नाही. पेशीत शिरून कारखाना सुरू झाल्यावर पेशी ते बाहेर सोडते. म्हणून पहिल्या काही दिवसांत एनएस१ पॉझिटिव्ह म्हणजे फ्यूजन केव्हाच होऊन गेलेलं.

बाकीचे पटकन

क्रिमियन-काँगो: गोचिडीकडून येतो, गुजरातमध्ये २०११ च्या जानेवारीत सापडला तेव्हा निदान पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्था) केलं. २०२४ मध्ये दाखवलं गेलं की हा एलडीएलआर वापरतो. म्हणजे कोलेस्टेरॉलच्या लाइनवर हा पहिल्या स्टेशनला चढतो आणि इबोलाचं कुलूप शेवटच्या स्टेशनला. रिफ्ट व्हॅली फीव्हरचा व्हायरस एलआरपी१ वापरतो, २०२१ मध्ये कळलं, तो एलडीएलआरचाच नातेवाईक. तीन व्हायरस एका रेघेवर बसले बघा, आता तक्त्याची काय गरज.

हंटा: कोरियातल्या नदीचं नाव. रक्तवाहिनीच्या अस्तरावर आणि प्लेटलेटवर असणारे बीटा-३ इंटेग्रिन नावाची प्रोटीन्स १९९८ मध्ये रिसेप्टर म्हणून सांगितली गेली, आणि अमेरिका खंडातल्या आंदेस आणि सिन नोम्ब्रे ह्या दोघांसाठी २०१८ मध्ये पीसीडीएच१ नावाचं प्रोटीन.

आपला माकडताप विसरू नका. क्यासनूर जंगल, शिमोगा, १९५७. माकडं मरून पडायला लागली तेव्हा लक्षात आला. २०१६ साली सिंधुदुर्गात आला, दोडामार्ग, बांदा त्या भागात, काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना. माझं माहेर सावंतवाडीचं, त्यामुळे आमच्याकडे हा शब्द पुस्तकातला नाही. डेंग्यूच्याच कुटुंबातला, फक्त डासाऐवजी गोचीड, आणि ई प्रोटीन त्याच घडणीचं, आम्लाने उभं राहणारं. त्यामुळे चौथ्या प्रश्नाचं उत्तर डेंग्यूवरून उचला.

मग रक्त का येतं

हा प्रश्न भाचीने विचारलाच आणि तुम्हालाही परीक्षेत येणार. चुकीचं उत्तर: व्हायरस रक्तवाहिनीत शिरून ती फोडतो. बहुतेक वेळा तसं नसतं. सुरुवातीला शिरकाव होतो मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक पेशींत, का ते आता तुम्हीच सांगाल, उचलाउचलीची प्रोटीन्स त्यांच्यावर सगळ्यात जास्त. त्या पेशी सायटोकाइनचा, म्हणजे धोक्याची सूचना देणाऱ्या रसायनांचा, मारा करतात, त्याने रक्तवाहिनीचं अस्तर सैल होऊन पाणी झिरपायला लागतं. इबोलात मॅक्रोफेज टिश्यू फॅक्टर, म्हणजे रक्त गोठायला सुरुवात करून देणारं प्रोटीन, सोडतात, जागोजागी गुठळ्या होतात, गोठवायचा माल संपतो, त्यात लिव्हर आजारी, म्हणजे नवा माल बनत नाही. मग रक्त येतं. आणि तेही सगळ्यांना नाही, इबोलाच्या निम्म्याहून कमी रुग्णांत उघड रक्तस्राव दिसतो, म्हणून आता नावातून हेमोरेजिक फीव्हर काढून इबोला व्हायरस डिसीज म्हणतात. डेंग्यूतही जीव जातो तो बऱ्याचदा पाणी झिरपून बीपी पडल्याने, नुसत्या प्लेटलेटच्या आकड्याने नाही, पण नातेवाईक काउंटरवर प्लेटलेटच विचारतात, असो.

तपासायचं कसं

तक्ता उघडू नका अजून. ज्याला सायन्सचा गंध नाही अशा माणसाला तुमचा कागद दाखवून सांगा. तो जिथे ‘पण का?’ म्हणेल तिथे तुमचं कच्चं आहे. भाचीने सासऱ्यांना धरलं. ते गिरणीत होते, नंतर एका बँकेत वॉचमन. इबोलाची पूर्ण गोष्ट त्यांनी चहा गार होईपर्यंत ऐकली आणि म्हणाले, मग सोपं आहे की, त्या आतल्या कुलपात च्युइंगगम घालून ठेवा, चावी लागणारच नाही.

भाची हसली पण मी म्हटलं थांब, सांग त्यांना ह्यात चूक काय. तिने अर्धा मिनिट घेतला. म्हणाली आजोबा, कुलूप आपलं आहे, कोलेस्टेरॉल तिथूनच जातं, कुलूप बुजवलं तर आपणच आजारी पडू, नीमन-पिकसारखे. सासरे लगेच म्हणाले, मग गम चावीला लावा.

आणि तेच केलंय. एमएबी११४ नावाची अँटिबॉडी, १९९५ च्या किकविटमधल्या उद्रेकातून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातून काढलेली. अडचण अशी की चावी बाहेर रजईत असते आणि आत गेल्यावर उघडी पडते, आत तर औषध पोचणार नाही. ही अँटिबॉडी व्हायरसला बाहेरच धरते, रजईच्या फटीतून, त्याच्याबरोबरच पिशवीत जाते, आम्लात सुटत नाही, कॅथेप्सिनने रजई कापली तरी चावीवर बसून राहते, आणि एनपीसी१ समोर आला की चावी लागत नाही. २०१८-१९ मध्ये काँगोत चाचणी झाली, २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

सासऱ्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, म्हणजे गेटवरच मागे माणूस लावला. भाचीने ते वाक्य तसंच्या तसं कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, आणि रात्री निघताना तक्ता आमच्याकडेच विसरून गेली.